मी बोट मुलीकडे केले होते

जबाब
दि. २१/०४/२०२५

मी, सौ. आम्रपाली महेंद्र भंडारे, वय ३१ वर्षे, शिक्षण बारावी, धंदा घरकाम व शिवणकाम, रा. हिंगणमळा, ता. तासगाव, जि. सांगली, आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून समक्ष सांगते की,

मी वरील ठिकाणी पती महेंद्र, सासू आक्काताई व मुलगी संघमित्रा, वय ४ वर्षे, यांच्यासह एकत्र राहते. पती बेदाणा शेडवर ट्रॅक्टर चालवतात. मी घरी शाळेचे गणवेश, ब्लाउज व लहान मुलांचे कपडे शिवते. मुलीला आम्ही मित्रा म्हणतो. तिला अजून ‘र’ म्हणता येत नाही. कोणी नाव विचारले तर ती मित्ला असे सांगते.

मंगळवार दि. ०८/०४/२०२५ रोजी म्हसवड येथे माझ्या नणंदेच्या घरी बारसे होते. त्यासाठी आम्ही चौघे दुपारी बाराच्या सुमारास तासगाव बसस्थानकावर आलो. म्हसवडची थेट गाडी उशिरा असल्याने विट्यापर्यंत जाऊन पुढे गाडी बदलायची असे ठरले होते. बेदाण्याचा हंगाम असल्याने स्थानकात शेडवरचे कामगार, व्यापारी व लग्नसराईचे लोक अशी गर्दी होती. माझ्या हातात पिशवी होती. तीत मी शिवलेली झबली, टोपडी व दुपटे होते.

त्याआधी आठवडाभर लोकांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ फिरत होता. मुले पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, असे त्यात एक बाई सांगत होती. तो माझ्या पतींनी पाहिला होता, सासूबाईंनी पाहिला होता व मीही पाहिला होता. व्हिडिओत कोणाचाही चेहरा दिसत नव्हता. तो व्हिडिओ आपल्याकडचा नाही असे नंतर पोलिसांनी गावात येऊन सांगितले.

विट्याची गाडी फलाटाला लागताच लोक दरवाजाकडे धावले. माझ्या पतींनी खिडकीतून सीटवर रुमाल टाकला व ते दरवाजातून आत शिरले. मी त्यांच्या मागे होते. मित्राचा हात सासूबाईंच्या हातात होता. गर्दीत सासूबाईंच्या हातून तिचा हात सुटला. सोडला नाही, सुटला. कोणी हिसकावला का, असे मला विचारण्यात आले. सासूबाई तसे सांगत होत्या. मी त्या वेळी त्यांच्याकडे पाठ करून होते, त्यामुळे मी ते पाहिलेले नाही.

मी पायरीवर चढून मागे पाहिले तेव्हा सासूबाई एकट्याच उभ्या होत्या. मी खाली उतरले. मुलीच्या नावाने हाका मारल्या. त्या ऐकून पतीही गाडीतून उतरले. पुढच्या फलाटावर गेले, तेथून परत आले. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. नंतर विचारले तेव्हा कोणी पाच मिनिटे म्हणाले, कोणी अर्धा तास. गाडी तोपर्यंत सुटली नव्हती, एवढे मला माहीत आहे.

मग मला मित्रा दिसली. स्थानकातल्या रसवंतीच्या पलीकडे एक इसम तिचा हात धरून चालत होता. त्याची व मुलीची माझ्याकडे पाठ होती. त्या रसवंतीपासून सरळ गेले की वाहतूक नियंत्रकाची खिडकी लागते. तेथे माइक आहे. खिडकीवरून तसेच पुढे गेले की स्थानकाचे फाटक लागते. खिडकीपर्यंत दोन्हींची वाट एकच आहे. तो इसम कोठे चालला होता हे त्याच्या पाठीवरून कळण्यासारखे नव्हते. मला कळले नव्हते. इतरांना कसे कळले हे मी सांगू शकत नाही.

मी ‘ती बघा, ती तिकडं’ असे मोठ्याने ओरडले व हात लांब करून दाखवले. मी बोट मुलीकडे केले होते. मी ‘चोर’ किंवा ‘धरा’ असे शब्द उच्चारले नाहीत. त्या इसमाबद्दल मी काहीच बोलले नव्हते. माझ्या ओरडण्याने तो मागे वळला, तेव्हा त्याचे तोंड मला प्रथम दिसले. तोंडाची डावी बाजू भाजून आवळलेली आहे व त्या बाजूचा डोळा पूर्ण मिटत नाही. मला भीती वाटली. ती मुलीसाठी वाटली की ते तोंड पाहून वाटली, हे मला वेगळे करून सांगता येणार नाही.

तो वळला त्या वेळी मित्रा रडत नव्हती. तिने त्याचे बोट धरले होते व दुसऱ्या हाताने फ्रॉकची दोरी तोंडात घेतली होती. ती रडली ती मार सुरू झाल्यावर. मुलगी रडत होती, म्हणूनच आम्हाला संशय आला, असे बऱ्याच जणांनी सांगितल्याचे मला समजले आहे. क्रम तसा नव्हता.

एक जण माझ्या शेजारून पळत गेला व त्याने त्या इसमाच्या तोंडावर मारले. तो कोण हे मी पुढे सांगणार आहे. पहिला फटका बसेपर्यंत इसमाने मुलीचा हात सोडला नव्हता. लोक म्हणतात, सोडत नव्हता म्हणजे पळवतच होता. मी मित्राला घेऊन बाजारात जाते तेव्हा मीही गर्दीत तिचा हात सोडत नाही.

नंतर आणखी माणसे आली. किती ते सांगता येत नाही. इसम खाली पडला. तो काहीतरी बोलत होता पण तोंड आवळलेले असल्याने शब्द नीट उमटत नव्हते. त्याला मराठी येत नाही, तो बाहेरच्या राज्यातला आहे, असे लोक म्हणू लागले. कोणीतरी त्याची पिशवी उपडी केली. तीतून दोन मोठ्या सुऱ्या, एक झारा व मुलीचा एक नवा फ्रॉक पडला. हत्यारे सापडली, याने आधीही एक मुलगी पळवली आहे, असा ओरडा झाला. तो फ्रॉक आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या मापाचा होता व त्याला दुकानाचे लेबल तसेच होते. लोकांनी त्याला नाव विचारले. त्याने अश्फाक असे सांगितले. ते मात्र सर्वांना नीट कळले. त्यानंतर मार वाढला.

मी मुलीला उचलून घेतले होते. मी ‘मारू नका’ असे म्हणाले का, असे विचारले असता, सासूबाई म्हणतात की मी म्हणाले. मला आठवत नाही. म्हणाले असते तर बरे झाले असते, म्हणून मी ‘हो’ असे सांगू इच्छित नाही.

थोड्या वेळाने पोलिसांची गाडी आली व मार थांबला. इसमास दवाखान्यात नेण्यात आले. माझ्या पतींनी त्याच दिवशी पोलीस ठाण्यात, मुलीला पळवून नेण्याचा प्रयत्न झाला, अशी तक्रार दिली. मुलगी घाबरलेली असल्याने मी तिला घेऊन घरी गेले. त्या दिवशी माझा जबाब झाला नाही. बारशाला आम्ही गेलो नाही.

संध्याकाळी घरी शेजारपाजारचे व गावातले लोक आले. प्रत्येक जण मित्राला जवळ घेऊन विचारत होता की, त्या माणसाने तुला चॉकलेट दिले ना. ती पहिल्यांदा काही बोलली नाही. मग एका बाईने आपल्याजवळचे चॉकलेट तिच्या हातात दिले व असलेच होते का, असे विचारले. मित्राने मान हलवली. तेथून पुढे जो विचारी त्याला ती हो म्हणू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी न विचारता तिने स्वतःहून सांगितले की, काकांनी चॉकलेट दिले.

परंतु आदल्या रात्री, ८ तारखेलाच, झोपण्यापूर्वी मी तिचे कपडे बदलत असताना तिने मला वेगळे सांगितले होते. मी काहीही विचारले नव्हते. ती म्हणाली, “काका म्हणले, तुजं नाव माइकवल घेऊ, मंजे आई येतीया.” मी तिला ते पुन्हा म्हणायला लावले नाही. ती माझी मुलगी आहे व तिचे वय चार आहे, हे लक्षात घेऊन त्याला जे वजन द्यायचे ते देण्यात यावे.

चॉकलेटबाबत मला आणखी सांगायचे आहे. गेल्या काही दिवसांत ही गोष्ट माझ्यासमोर इतक्या वेळा सांगितली गेली की आता डोळे मिटले की मलाही ते दिसते. तो वाकलेला दिसतो, पुढे केलेला हात दिसतो, चॉकलेटचा लाल कागदही दिसतो. परंतु मी त्याला पाहिले ते पाठीमागून व चालताना. वाकलेला तो मला दिसलेलाच नाही. शेजारणीने जे चॉकलेट दिले त्याचा कागद लाल होता. म्हणून मी सांगते की मी चॉकलेट पाहिलेले नाही.

तसेच मार बसत असताना तो इसम ‘माइकवर सांगाया चाललोय’ असे म्हणत होता, असेही मला आता ऐकू आल्यासारखे वाटते. परंतु ते मी त्या वेळी ऐकले, की मुलीचे बोलणे कळल्यावर नंतर जोडले, हे खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे तेही माझ्या नावावर धरू नये.

आमच्या गावचे माजी सरपंच भाऊसो जगदाळे यांनी आपण सर्व प्रकार डोळ्यांनी पाहिला असे सांगितल्याचे मला समजले. भाऊसो भले गृहस्थ आहेत. मित्राच्या वेळी मला कळा सुरू झाल्या तेव्हा त्यांनी स्वतःच्या गाडीतून मला सांगलीला पोहोचवले होते. त्यांचे कपडे कायम पांढरे असतात, आवाज कधी चढत नाही, व त्यांनी एखादी गोष्ट सांगितली की गावात दुसऱ्याला विचारण्याची पद्धत नाही. ते खोटे बोलतात असे माझे म्हणणे नाही. परंतु मी मुलीला उचलून फाटकाच्या बाजूला आले तेव्हा भाऊसो आपल्या गाडीतून उतरत होते. ‘काय झालं गं’ असे त्यांनी मला विचारले. मी त्यांना काही सांगण्याच्या आत दुसऱ्या दोघांनी सांगितले. मी परवा त्यांच्याकडे जाऊन या गोष्टीची आठवण करून दिली. ते रागावले नाहीत. ते म्हणाले, “अगं पोरी, मला अजून लख्ख दिसतंय, त्यो पोरीला चॉकलेट देताना.” मी त्यावर काही बोलले नाही, कारण मलाही ते दिसते.

दि. १४ एप्रिल रोजी आमच्या वस्तीत जयंतीचा कार्यक्रम झाला. त्यात भाऊसो यांच्या हस्ते माझ्या पतींचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार करण्यात आला. गावातल्या मुलीला वाचवले, असे भाषणात सांगितले गेले. त्या दिवशी गावातले बरेच लोक आमच्या घरी आले. त्यांतल्या काही घरच्या माणसांनी आमच्याकडे त्यापूर्वी कधी चहा घेतलेला नव्हता. त्या दिवशी त्यांनी घेतला. माझे पती प्रत्येकाला स्वतः कप नेऊन देत होते. कप कमी पडले म्हणून मी शेजारून आणले. सासूबाई दारात बसून लोकांना पुन्हा पुन्हा सांगत होत्या की, माझ्या हातातून पोरगी हिसकावून नेली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दुपारी एक बाई आमच्या घराचा पत्ता विचारत आली. पती कामावर होते. तिने आपले नाव रुमाना अश्फाक नदाफ, रा. मिरज, असे सांगितले. ती त्या इसमाची पत्नी आहे हे ऐकून सासूबाई आत निघून गेल्या. मी तिला ओट्यावर बसण्यास सांगितले. ती कडेला बसली.

तिने सांगितले की तिचे पती लग्नकार्यात स्वयंपाक करणारे आचारी आहेत. काही वर्षांपूर्वी एका कार्यात कढईतले तेल उडून त्यांचे तोंड भाजले. त्या दिवशी ते शेडवरून बेदाणा घेण्यासाठी तासगावला आले होते व पुढे कामावर जायचे असल्याने सुऱ्या बरोबर होत्या. फ्रॉक त्यांची मुलगी कशिश हिच्यासाठी होता. मारहाणीत त्यांच्या उजव्या हाताचे मनगट मोडले आहे व बरगडीस मार आहे. ते सांगलीच्या सरकारी रुग्णालयात होते, आता घरी आहेत. झारा धरता येईल की नाही हे डॉक्टरांनी अजून सांगितलेले नाही. ते बाहेर पडत नाहीत व कशिशला शाळेत सोडायलाही जात नाहीत.

मी तिला विचारले की, पोलिसांना हाक न मारता त्यांनी मुलीचा हात का धरला. हे मी विचारायला नको होते असे मला विचारल्यावर वाटले. ती म्हणाली, “ल्हान पोरं ह्यांना बघून रडत्यात. म्हनून हे पोरांपासनं लांबनंच जात्यात. एश्टीत कुनाच्या शेजारी बसत न्हाईत. तुमची पोरगी ह्यांना बघून रडली न्हाई. तिनंच बोट धरलं. म्हनून हे निघालं तिला घेऊन.”

मी तिला पाणी दिले. ते तिने घेतले. मी तिला विचारले की, मी काय करावे अशी तुमची इच्छा आहे. ती म्हणाली, “आमच्या बाजूनं सांगू नका ताई. आमच्या बाजूचं म्हनलं की कोन ऐकत न्हाई. तुमी काय बघितलं, तेवढंच सांगा.” तिने दुसरे काही मागितले नाही. ती परत जायला निघाली तेव्हा मित्रा अंगणात खेळत होती. रुमाना तिच्याकडे पाहून थांबली, परंतु जवळ गेली नाही. रस्त्यापर्यंत ती तिच्यापासून लांबून गेली.

दुसऱ्या दिवशी मी दोरा व बटणे आणण्यासाठी तासगावला गेले होते. त्या वेळी मी बसस्थानकावर नियंत्रकाच्या खिडकीत जाऊन विचारले. तेथील वाहतूक नियंत्रकांनी सांगितले की, त्या दिवशी ते माइकवर विट्याची गाडी पुकारत असताना लांबून एका माणसाने ‘मित्तल नावाची पोरगी घावलीया, पुकारा’ अशी हाक दिली होती. गाडी पुकारून झाल्यावर त्यांनी मान वर केली तेव्हा तेथे मारामारी सुरू होती. हाक देणारा व मार खाणारा एकच होता, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आले नाही. मुलगी मिळाली असे लोकांनी सांगितल्याने त्यांनी मित्तल नाव पुकारले नाही. ही गोष्ट त्यांनी कोणाला का सांगितली नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, कोणी विचारलेच नाही. ते आपला जबाब देण्यास तयार आहेत.

हे मी घरी येऊन सासूबाईंना सांगितले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी त्यांना असेही सांगितले की, मी पोलीस ठाण्यात जाऊन जे पाहिले ते सांगणार आहे. त्यांनी तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, “म्हंजी पोरगी माझ्याच हातनं गेली, असं लिवनार तू.” मी म्हणाले, “आत्या, गर्दी लय होती. कुनाच्याबी हातनं गेली असती.” त्यावर त्या म्हणाल्या, “कुनाच्याबी हातनं गेली न्हाई. माझ्या गेली.” थोड्या वेळाने त्या पुन्हा म्हणाल्या, “लिव. पर सुटला म्हन. सोडला म्हनू नगंस.” त्याप्रमाणे मी वर सांगितले आहे, व ते खरे आहे.

आता कोणी हिसकावले असे सासूबाई म्हणत नाहीत. लोकांनी विचारले तर त्या आत निघून जातात.

संध्याकाळी मी पतींशी बोलले. ते अंगणात ट्रॅक्टरचा पाना शोधत होते. रुमाना आली होती, नियंत्रक काय म्हणाले, हे सर्व मी सांगितले. ते म्हणाले, नवरा-बायको दोघे मिळून रचून सांगत असतील. मी म्हणाले, मित्तल हे नाव कोणी रचून आणणार नाही. ते आपल्या मुलीच्या तोंडातल्या मित्लावरूनच येऊ शकते. मी त्यांना विचारले की, त्या माणसाने मित्राचा कोणता हात धरला होता. ते म्हणाले, आठवत नाही. तो फाटकाकडे बघत होता की खिडकीकडे, असे विचारले. तेही आठवत नाही म्हणाले. मग ते पाना तसाच टाकून ओट्यावर बसले व म्हणाले, “मी त्याचं तोंड बघितलं आन् झालं. बाकीचं बघायची गरजच वाटली न्हाई.”

मी तेथेच उभी होते. मग त्यांनी विचारले की, तू हे सांगितल्यावर गावात काय होईल याचा विचार केला आहेस का. मी केला आहे असे सांगितले. ते म्हणाले, “परवा चहा प्यायला आलेली मानसं पुन्यांदा येनार न्हाईत.” मी म्हणाले, “न्हाई येनार.” याशिवाय आमच्यात त्या विषयावर बोलणे झाले नाही. त्यांनी मला मारहाण किंवा दमदाटी केलेली नाही. सत्काराची शाल त्यांनी घडी घालून माझ्या शिवणयंत्राच्या खालच्या फळीवर ठेवून दिली आहे. ती पेटीत का ठेवली नाही हे मी विचारले नाही.

मारणाऱ्यांपैकी तुम्ही कोणास ओळखता, असे विचारले असता सांगते की, गर्दीतले बहुतेक लोक मला अनोळखी होते. त्यांची नावे मी सांगू शकत नाही. त्यांचे चेहरे पुन्हा दाखवले तरी मी खात्रीने ओळखीन असे मला वाटत नाही, व अंदाजाने मी कोणाचे नाव घेणार नाही. मी एकाच व्यक्तीस ओळखते. माझ्या शेजारून पळत जाऊन अश्फाक नदाफ यांना प्रथम मारणारे माझे पती महेंद्र हिंदुराव भंडारे होते. मी त्यांना जवळून व स्पष्ट पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता असे मी म्हणणार नाही. ते घाबरलेले होते. मनगट त्यांच्या मारण्याने मोडले की इतरांच्या, हे मला सांगता येत नाही.

हे सांगण्यासाठी माझ्यावर कोणाचा दबाव आहे का, असे विचारण्यात आले. कोणाचाही नाही. नदाफ कुटुंबाकडून मी काहीही घेतलेले नाही. अश्फाक नदाफ यांच्याविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही. माझ्या पतींनी दिलेल्या तक्रारीत मुलीस पळवून नेत असल्याचे जे म्हटले आहे, तसे काही माझ्या पाहण्यात आलेले नाही. माझी हरवलेली मुलगी ज्या माणसाला सापडली तो तिला घेऊन येत होता, एवढेच मला त्या प्रकाराबद्दल म्हणायचे आहे.

पतीविरुद्ध जबाब द्यायचा नसेल तर त्यांच्याबाबतचा भाग तुम्ही वगळू शकता, पुन्हा विचार करायला वेळ घ्या, असे मला साहेबांनी सांगितले. मी वेळ घेतला. तो भाग राहू द्यावा.

आज मला येथे माझ्या पतींनीच मोटारसायकलवरून आणले आहे. मी काय सांगणार आहे हे त्यांना माहीत आहे. ते बाहेर बाकावर बसले आहेत. मित्रा सासूबाईंजवळ घरी आहे.

माझे वरील सांगणे संगणकावर लिहून घेऊन मला सावकाश वाचून दाखवण्यात आले. त्यात एका ठिकाणी ‘एक इसम मुलीस हाताला धरून ओढत नेत असताना’ असे लिहिले गेले होते. लिहून घेणाऱ्या साहेबांनी मी तसेच सांगितल्याचे त्यांना आठवते असे सांगितले. मी तसे सांगितले नव्हते. माझ्या सांगण्यावरून ते शब्द काढून तेथे ‘एक इसम तिचा हात धरून चालत होता’ असे केले आहे. तो भाग मी पुन्हा वाचून घेतला. आता ते मी पाहिले तसे आहे.

सही/-
सौ. आम्रपाली महेंद्र भंडारे